साध्या गटातली गाय

आमच्या गायीच्या ढेकरातला वायू मोजायला माझी मामेबहीण सोलापूरजवळच्या कुंभारीला आमच्याकडे येऊ लागली, आणि आई माझ्याशी कमी बोलते असं मला वाटायला लागलं. आई पूर्वीइतकंच बोलत होती. तिच्याशी जास्त बोलत होती, एवढंच. पण त्या उन्हाळ्यात मला हा फरक दिसत नव्हता.

मामेबहीण माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. ती अक्कलकोटची, म्हणजे आईच्या माहेरची. शेतकी शिक्षण संपवून ती जनावरांच्या आहारावर पुढचा अभ्यास करत होती. आई आणि ती भेटल्या की दोघींचं कानडी सुरू व्हायचं. मला कानडी समजते, पण बोलायला गेले की तिसऱ्या शब्दाला अडखळते. आई तिला दारातच "ऊटा आतेन?" म्हणून विचारायची. जेवलीस का, हे आई मलाही रोज विचारते. पण कानडीत आईचा आवाज दहा वर्षांनी लहान व्हायचा. मी पाटावर बसून भाकरी मोडत असायची आणि माझ्याच आईच्या लहानपणाचं दार माझ्या तोंडावर लागलेलं असायचं.

आमचं घर कामगारांच्या वसाहतीच्या अगदी कडेला आहे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर यंत्रमागावर गेले. ते वारल्यावर आईनं मागच्या पत्र्याच्या शेडात गाय बांधली. वडिलांची मागे राहिलेली वस्तू म्हणजे पत्रकांची ट्रंक. संपाची, सभेची, बोनसची पत्रकं, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'कमळ' हा शब्द वाचता यायच्या आधी मला 'कामगार' वाचता येत होता. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. वसाहतीतल्या पाण्यावर लिहिलं, यंत्रमागाच्या कापसाच्या धुळीवर लिहिलं, विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठीवर लिहिलं. नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात ती छापायची आणि नाक्यावर उभं राहून वाटायची. लोक घ्यायचे, घडी घालायचे, खिशात ठेवायचे. एखादं पत्रक खिशातून पुन्हा बाहेर काढून कुणी वाचतंय, असं मी कधी पाहिलं नाही.

आणि ही अक्का आली, एक यंत्र घेऊन, तर तिच्याभोवती बारा घरच्या बाया गोळा.

यंत्र टॉर्चसारखं होतं. गाय रवंथ करत बसली की तीन पावलांवर उभं राहून ते तिच्या नाकपुडीवर धरायचं. पडद्यावर आकडे पळायचे. अक्का समजावून सांगत होती की गायीच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन नावाचा वायू होतो आणि तो ढेकराबरोबर तोंडातून बाहेर पडतो. तो हवेत साठला की ऊन वाढतं.

"तोंडातनं?" आईनं विचारलं. "मागनं न्हवं?"

"मागनं थोडाच. जवळजवळ सगळा तोंडातनं."

समोरच्या ओळीतल्या चाचीनं कपाळावर हात मारला. "और मैं इत्ते साल पीछे खडी होके नाक दबाती थी!"

सगळ्या हसल्या. अक्काही हसली. तेवढ्यात तिनं पुढचंही सांगून टाकलं. ओवा, लवंग आणि लसूण यांची तेलं काढून, ती उडून जाऊ नयेत म्हणून भुकटीत मुरवलेली होती. पेंडीत रोज एक मापभर घालायची. त्या तेलांनी पोटातले वायू करणारे जंतू दबतात का, हे तिला बघायचं होतं. "दबतील असं वाटतंय. पण गायीच्या पोटातल्या जंतूंना सवय लागली तर पुन्हा पहिल्यासारखंही होईल. मला माहीत नाही," असं ती म्हणाली. बारा बायांसमोर 'मला माहीत नाही' म्हणाली, आणि त्यावर त्यांचा तिच्यावरचा विश्वास वाढला! मी नाक्यावर उभी राहून मला जे पक्कं माहीत होतं ते सांगत होते, आणि लोक रिक्षात बसून निघून जात होते.

बारा गायींपैकी सहांना तेलाची भुकटी आणि सहांना नुसती पेंड, असं ठरलं. चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात टाकल्या. चाचीला निघालं 'तेल'. आईला निघालं 'साधी'.

आईचा चेहरा पडला. "आमची गाय काय सावत्र हाय व्हय?"

"आत्या, साध्या गायी नसल्या तर तेलाच्या गायींचं काय कळणार? तराजूला दोन पारडी लागतात की."

"मग रिकामं पारडं आमालाच व्हय? सख्ख्या आत्याला?"

अक्कानं आईच्या गळ्यात हात टाकला आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. आई विरघळली. मला ते ऐकू आलं नाही, आणि ते विचारण्याइतकी मी स्वस्त नव्हते.

प्रत्येक घराला एक वही मिळाली. गायीनं दिवसभरात काय खाल्लं ते तीत लिहायचं. आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं, एक ओळ लिहायला तिला पाच मिनिटं लागतात. म्हणून आमची वही माझ्याकडे आली. "तुझं अक्षर चांगलं आहे," अक्का म्हणाली. माझ्या लिहिण्याबद्दल तिनं काढलेलं ते पहिलं वाक्य. अक्षर!

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'ढेकर कुणाचा, दोष कुणाला?' मोठमोठ्या गाड्या आणि विमानं उडवणाऱ्यांनी आभाळ तापवायचं आणि हिशेब मागायचा तो आमच्या शेडातल्या एका गायीकडे, असा माझा मुद्दा होता. यंत्रमागावरच्या माणसाच्या छातीत किती धूळ जाते ते मोजायला कुणी टॉर्च घेऊन येत नाही, पण गायीच्या नाकाशी येतं, हेही मी लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो. पण ते लिहायला मी त्याच आठवड्यात का बसले, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पत्रक मी सगळ्यात आधी अक्काच्या हातात दिलं. ती गायीवर यंत्र धरून उभी होती. तिनं एका डोळ्यानं वाचलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

"बरोबर आहे तर मग?"

"गाडीवाल्यांचा धूर मोजणारे दुसरे आहेत. मला गायीचा मोजता येतो. आणि तो वायू म्हणजे वाया गेलेली पेंडच आहे गं. आत्या पेंड विकत आणते, त्यातली थोडी ताकद अशी हवेत जाते. ती वाचली तर आत्याचीच वाचेल." मग गायीनं मान हलवली आणि ती हळू आवाजात पुन्हा कानडीत आकडे म्हणायला लागली, "ओंदु, एरडु, मूरु..."

मला वाद हवा होता. तिनं मला सहमती दिली आणि पाठ फिरवली. पत्रकांचा उरलेला गठ्ठा मी घरी आणून खाटेखाली टाकला.

तिकडे समोरच्या ओळीत चाचीचा तोरा वाढत चालला होता. "हमारी गाय का मुंह अब खुशबू मारता," असं ती डेअरीच्या रांगेत सगळ्यांना ऐकवायची. एकदा तिच्या दुधाला आमच्यापेक्षा जास्त फॅट लागली. त्या दिवशी आई रिकामी किटली हातात घेऊन सरळ चाचीच्या शेडात शिरली, भुकटीचा डबा उघडला, वास घेतला आणि परत आली.

"ओवाच हाय की ह्यो," ती मला म्हणाली. "ओवा नि लसूण. नि लवंगंचा वास. लई मोठं औषध म्हणून सांगत हुती पोरगी."

दुसऱ्या दिवसापासून आईनं ओवा आणि लसूण खलबत्त्यात ठेचून, गुळात गोळा करून गायीला चारायला सुरुवात केली. गायीचं पोट फुगलं की आमच्याकडे पूर्वीपासून हेच देतात. फरक इतकाच की आता गायीचं पोट ठणठणीत होतं.

"वहीत लिहू?" मी विचारलं.

"कशाला? त्ये आपल्या घरचं हाय, तिच्या पुडीतलं न्हाय."

मी लिहिलं, 'पेंड, कडबा, हिरवा मका.' पहिले दोन दिवस मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी पेन हातात घेतलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साध्या गायीला ओवा मिळाला, तर ती साधी राहिलीच नाही. तराजूचं दुसरं पारडंच गेलं. अक्काचा सगळा अभ्यास या सहा गायींवर उभा होता, आणि त्यातल्या एकीखालची वीट आमच्या घरात निघाली होती.

त्या दिवशीही मी लिहिलं, 'पेंड, कडबा, हिरवा मका.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

आईचं मन मोठं. जे स्वतःच्या गायीला द्यायचं ते बाकीच्या साध्या गायींनाही मिळावं, म्हणून डेअरीच्या रांगेत तिनं साध्या गटातल्या बायांना गाठलं. "आपल्याच गायींनी काय पाप केलंय?" ती म्हणाली, आणि घरून आणलेल्या ओव्याच्या पुड्या वाटल्या. पुड्यांना कागद लागतो. खाटेखाली माझा गठ्ठा होता. 'ढेकर कुणाचा, दोष कुणाला?' हे पत्रक असं पाचही घरांत पोचलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझं पत्रक कुणी घरात जपून ठेवलं.

पंधरा दिवसांनी अक्कानं मला गाय धरायला सोबत नेलं. गावातल्या एका साध्या गायीच्या शेडात आम्ही गेलो. अक्का यंत्र लावत होती. माझं लक्ष कोनाड्याकडे गेलं. तिथं माझ्या पत्रकाची पुडी होती, अर्धी उघडी, आणि घडीत ओव्याचे दाणे. अक्का वळली असती तर तिला दिसलीच असती. मी पुढे झाले, पुडी उचलली आणि ओढणीत गुंडाळली.

"काय गं?"

"माझं पत्रक आहे. इथं पडलंय."

"मग राहू दे की. वाचतील ती."

तिनं ते मनापासून म्हटलं. मी पुडी ओढणीतच ठेवली. त्या क्षणापर्यंत मी आईचं ऐकत होते असं स्वतःला सांगू शकत होते. पुडी लपवायला मला आईनं सांगितलं नव्हतं.

आकडे बिघडू लागले. तेलाच्या गायींचा वायू कमी झाला होता, पण साध्या गायींचाही झाला होता. ओव्यानं झाला, चारा बदलल्यानं झाला की आणखी कशानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. अक्काला तर प्रश्नच माहीत नव्हता. तिला वाटलं यंत्र बिघडलं. ते तपासून आणलं, तर ठीक निघालं. तिला वाटलं आपला हात चुकतो. मग ती एकेका गायीसमोर दुप्पट वेळ उन्हात उभी राहू लागली. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन. तिचे सर पुढच्या सोमवारी येणार होते. अभ्यास पुढे चालू ठेवायचा की इथंच गुंडाळायचा, ते सर ठरवणार होते. गुंडाळला असता तर तिचं वर्ष गेलं असतं आणि पुढे शिकायचंही राहिलं असतं. मामानं एका पशुखाद्याच्या दुकानात तिच्या नोकरीचं बोलूनच ठेवलं होतं.

शुक्रवारी ती आमच्या शेडात पालथ्या बादलीवर बसली. चेहरा भाजलेला. आईनं ताक दिलं, ते तिनं तसंच हातात धरून ठेवलं.

"तुझा पहिल्यापासून या मोजण्याला विरोध होता," ती मला म्हणाली. "तुझंच बरोबर निघालं. तेलाचा काही फरक पडत नाही. मी सरांना तसंच लिहून देते."

आई मधेच म्हणाली, "न्हाय कसं पडत? चाचीच्या दुधाला फॅट..." आणि एकदम गप्प झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलंय हे तिला कळलं होतं, पण काय ते नेमकं कळलं नव्हतं. मी तिला डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. आईनं माझं ऐकलं.

तुझंच बरोबर निघालं. हे वाक्य मी दोन दिवस तोंडात घोळवलं. इतकं गोड काही मी त्याआधी चाखलं नव्हतं. रविवारी सकाळी मी नवं पत्रक लिहायला बसले. मथळा लगेच सुचला, 'ढेकराचा प्रयोग फसला!'

वडील सांगायचे, पत्रकाचे तीन भाग. वर मथळा, त्याखाली कारण, शेवटी मागणी. कारण नसलेलं पत्रक म्हणजे शिवी. म्हणून मी मथळ्याखाली 'कारण' लिहून रेघ मारली. मग बसून राहिले. तेलं निकामी होती असं लिहावं तर ते मला माहीत नव्हतं. प्रयोग करणारी बाई अडाणी होती असं लिहावं तर ती नव्हती. प्रयोग फसण्याचं मला माहीत असलेलं एकच कारण होतं. ते लिहायचं तर आईपासून सुरुवात करून माझ्यापाशी यावं लागत होतं. दोन तास मी त्या रेघेखाली काही लिहू शकले नाही. बाहेर आई गोळा चारत होती.

मी कागद फाडला आणि रिक्षा पकडून सोलापुरात गेले. नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानावर अक्काची भाड्याची खोली होती. जिन्यात गाठोडी रचलेली होती. ती सतरंजीवर वह्या पसरून बसली होती आणि सरांसाठीचा कागद अर्धा लिहून झाला होता.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओवा, लसूण, गूळ, पुड्या, कोनाडा.

तिनं तो अर्धा कागद उलटा करून ठेवला. मग विचारलं, "किती?"

"काय किती?"

"ओवा किती घालते आत्या? चमचा की मूठ?"

"अर्धी मूठ. सकाळी."

"कधीपासून?"

मी तारीख सांगितली. तिनं ती लिहून घेतली. आमची वही उघडून तिनं त्या तारखेपासूनची पानं उलटली. एकेका पानावर माझं सुबक अक्षर. 'पेंड, कडबा, हिरवा मका.' 'पेंड, कडबा, हिरवा मका.'

"आत्याला कळत नव्हतं," ती म्हणाली. "तुला कळत होतं ना?"

"हो."

"रोज?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"गावभर पत्रकं वाटताना घसा कोरडा पडत न्हाय तुझा," तिचा आवाज चढला तशी ती घरच्या बोलीवर आली. "आणि एक शब्द लिहायला हात मोडला व्हय गं? दोन अक्षरं! ओवा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसताना तिनं पेनाची शाई गालाला लावून घेतली. "काय केलं हुतं मी तुझं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. तू आईशी कानडीत बोलतेस, हे ते उत्तर. मी ते दिलं नाही. पंचवीस वर्षांच्या बाईनं देण्यासारखं ते नव्हतं.

सोमवारी सर आले. त्यांच्यासाठी अक्कानं रात्रीतून नवा कागद लिहिला होता. त्याची प्रत तिनं नंतर मला वाचायला दिली. त्यात असं होतं: 'साध्या गटातल्या सहाही घरांनी गायींना ओवा आणि लसूण दिला. तेलाच्या घरांना मिळतं ते आपल्याला मिळत नाही, असं त्यांना वाटलं. हे मला आधी समजायला हवं होतं. नोंद ठेवणाऱ्या एका व्यक्तीला हे माहीत होतं. तिनं ते लिहिलं नाही. या गायींचे आकडे मी धरलेले नाहीत.'

माझं नाव नव्हतं. शिवी नव्हती. उद्गारचिन्ह नव्हतं. स्वतःची चूक तिनं माझ्या चुकीच्या आधी घातली होती. मी ते पाच-सहा वेळा वाचलं, आणि लाज वाटायच्या आधी मला हेवा वाटला. असं मला लिहिता यायला हवं होतं.

सरांनी तिला तीन महिने वाढवून दिले, पण सगळं पहिल्यापासून करायचं. तिची पावसाळी सत्राची परीक्षा त्यात बुडाली. ती तक्रार न करता पुन्हा बारा बायांना घेऊन आमच्या अंगणात बसली. चिठ्ठ्यांचा डबा समोर ठेवला, पण एकही बाई हात घालेना. साधी गाय कुणालाच नको होती.

तेव्हा आई म्हणाली, "नळाला पाळी असती की न्हाय? तशी लाव की. आदी सा घरं तेल घालतील, मग थांबतील. मग बाकीची सा घालतील. कुणाची गाय सावत्र न्हाय."

चाची म्हणाली, "हां, ये सही है. पण पहिली पाळी हमारी."

"तुझी झाली की गं एकदा!"

अक्का आईकडे बघतच राहिली. अशी पद्धत पुस्तकात असते, ती म्हणाली, प्रत्येक गाय एकदा तेलाची, एकदा साधी. पण या पद्धतीला वेळ जास्त लागतो म्हणून आधी ती घेतली नव्हती. वेळ वाचवायला गेले आणि सगळं गमावलं, असंही ती म्हणाली. मी उंबऱ्यावर बसले होते. समतेवर मी किती पत्रकं लिहिली असतील! चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी सहा बायांचे पडलेले चेहरे मीही पाहिले होते. मला त्यात फक्त माझ्या आईचा चेहरा दिसला, आणि तोही अक्कावर राग धरण्यापुरता.

वह्या पुन्हा वाटल्या गेल्या. आमची वही अक्कानं माझ्याकडे दिली नाही. तिनं ती आईच्या हातात ठेवली. "आत्या, तुम्हीच लिहा."

"मला लई वेळ लागतो गं."

"लागू दे."

आई आता रोज दुपारी वही घेऊन बसते. जीभ दातात धरून एकेक अक्षर काढते. वेलांट्या चुकतात. पण ती काहीच गाळत नाही. 'आज पेंड कमी, पिशवी संपली.' 'गायीनं चाचीच्या कुंपणाचा कडुलिंब खाल्ला, मी बघितलं.' 'आज ओवा द्यावा वाटला, दिला न्हाय.'

परवा अक्का आली आणि त्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवू लागली. वाचता वाचता दोघी कानडीत शिरल्या. "सगळ्या घरच्या बाया अशा लिहायला लागल्या तर आमचं काम सोपं होईल," असं सर म्हणाल्याचंही तिनं सांगितलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

मी चुलीपुढे चहा गाळत होते. आईची वही सरांपर्यंत गेली होती, आणि माझं पत्रक नाक्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. आत काहीतरी पुन्हा तसंच जळायला लागलं. या खेपेला अक्कावर नव्हे, आईवर. मी चहाचे तीन कप भरले आणि बाहेर नेऊन दोघींच्या मधे बसले. अक्कानं थोडं सरकून जागा दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

"या पाळीत तेलाच्या गायी कुठल्या?" मी मोडक्या कानडीत विचारलं. तिसऱ्या शब्दाला अडखळले.

आईनं शब्द पुरवला. उत्तर मात्र अक्कानं मराठीत दिलं.